हा पोचा बुजवू नका

मी एक जुनी गदा आहे, मित्रांनो. कुस्ती जिंकणाऱ्याच्या खांद्यावर मिरवते, ती. आत सागवान, वर चांदीचा पत्रा. मुळशीतल्या मुठाकाठ कुस्ती मंडळाची मी मानाची गदा. जत्रेच्या आखाड्यात अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं मला विजेत्याच्या खांद्यावर ठेवायचं, हा इथला रिवाज. हलगी कडाडली की माझा ऊर भरून यायचा.

अध्यक्ष इंद्रजित. त्याला अहो-जाहो करायची माझी इच्छाच मेली आहे. त्यानं तालमीत काठीनं पायल या कुस्ती शिकणाऱ्या पोरीचं मनगट मोडलं. का, तर त्याच्या पुतणीकडून मुद्दाम हरायला ती तयार झाली नाही. तक्रार झाली. चौकशी होईपर्यंत तरी पद सोडा, असं पोरींचे पालक सांगायला आले. "आधी शाबीत करा, मग बगू," म्हणून तो हसला. मी तिथंच कपाटात होते. असा संताप आला म्हणून सांगू!

मग जत्रा आली. पायलची मैत्रीण वैष्णवी हिनं शेवटची कुस्ती मारली. इंद्रजित मला घेऊन पुढं आला, तशी ती मागं सरली.

"ह्या हातानं न्हाई घ्यायची मी. ह्यानंच पायलचा हात मोडलाय. आदी पद सोडा."

इंद्रजितनं मला दोन्ही हातांनी वर उचललं. गेणबा वस्ताद, सत्तरीचे, मध्ये पडले. "पोरीला हात लावू नगंस!" एवढंच म्हणाले. मी त्यांच्या उजव्या खांद्यावर आदळले. हाड मोडलेलं मला कळलं, माझा पत्राही तिथंच चेपला. दुसरा घाव कपाळावर बसला आणि रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. मित्रांनो, मला सुटता आलं असतं तर मी त्याच्याच पायावर पडले असते! मग खुर्च्या उडाल्या, त्याच्या माणसांनी कमरेचे पट्टे काढले, लोकांनी त्याला तुडवला, पोरी किंचाळत पळाल्या.

वस्ताद वाचले, पण उजवा हात वर जात नाही. इंद्रजित जामिनावर सुटला आणि परत त्याच खुर्चीत येऊन बसला. शिपायाकडून मला चिंचेनं घासून घेतलं. रक्त गेलं, पोचा राहिला. "पोचा बुजवायला सराफाकडं टाका, औंदाची जत्रा जवळ आलीया," म्हणाला.

नका रे टाकू! गदेची काळजी घासूनपुसून होत नाही. आधी मला उचलणारा हात बघा, आणि तो खुर्ची सोडेपर्यंत हा पोचा सगळ्यांना दिसू द्या.

काल वैष्णवी मंडळाच्या कचेरीच्या दारात आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमी उठा. वस्तादांचा डावा हात अजून चालतोय. त्यो देईल तवाच गदा घेईन."

मी त्या डाव्या हाताची वाट बघतेय.