आता कुणाला हाक मारायची गरज नाही

धाकटा पोटापाण्यासाठी खोक्यांवर लिहीत असे. खोक्याच्या आत जी वस्तू असते तिच्याशी त्याचा काही संबंध नसे. बाहेर जे छापलेलं असे ते त्याचं. 'केळं कापा एका झटक्यात' हे त्याचं. केळ्याच्या आकाराची ती प्लॅस्टिकची चौकट ज्यांनी विकत घेतली त्यांच्या घरात सुरी नव्हती असं नाही, आणि केळं हे असं फळ आहे की त्याला सुरीही लागत नाही. तरी लोकांनी घेतली. 'टेबलालाही पाय असतात' हे टेबलाच्या मोज्यांच्या खोक्यावरचं वाक्यही त्याचंच. शिवाय चहाची पिशवी पिळायचा चिमटा, साबण वाळवायचा छोटा पंखा, उकडलेलं अंडं चौकोनी करायचा साचा. चौकोनी अंडं नक्की कुणाला हवं आहे, असं एका नव्या मुलीने मीटिंगमध्ये विचारलं होतं. तिला दुसऱ्या खात्यात पाठवण्यात आलं.

कंपनीत त्याला मान होता. घरी भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, त्याचं नाव 'खोकेकवी' ठेवलं होतं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करत. लिफ्ट बंद पडली की माणसं शिव्या देतात आणि सुरू झाली की विसरून जातात, यावरून ती उपयोगी वस्तू आहे हे सिद्ध होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. धाकट्याच्या वस्तूंना कधी कुणी शिव्याही दिल्या नव्हत्या. त्या माळ्यावर जात.

अपवाद आईचा. तिच्याकडे धाकट्याच्या सगळ्या वस्तू होत्या आणि त्या माळ्यावर नव्हत्या, ओट्यावर होत्या. कंपनीतून त्याला त्या फुकट मिळाल्या असत्या, पण आई दुकानात जाऊन आणायची. "आपल्याच माणसाचं आपण नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं?" टेबलाला मोजे होते. साबणाला पंखा होता. ती चौकोनी अंडी खायची आणि चवीत फरक पडतो म्हणायची.

आईने उभा जन्म औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढला होता. खोक्यावर लिहिलेलं पाळायचं असतं, हे तिच्या अंगातच मुरलेलं. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर, थंड जागी म्हणजे थंड जागी. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की ती चष्मा नाकावर घेऊन खोका त्याच्यापुढे धरायची. "हे काय लिहिलंय?" तिथे वाद संपायचा.

तर असं होतं की तिच्या बोटांना थोडा कंप सुटला होता. बाकी ती ठणठणीत होती, पण बरण्यांची घट्ट झाकणं तिला दाद देत नसत. मग धाकट्याला फोन जायचा. "अरे, ही जॅमची बरणी काही उघडत नाहीये. येतोस का?" तो जायचा, झाकण फिरवायचा, चहा प्यायचा, शेजारच्या बाईंच्या गुडघ्याबद्दल ऐकायचा आणि परत यायचा. जाऊन-येऊन अर्धा दिवस.

एकदा असाच फोन आला तेव्हा तो ऑफिसात एका कोऱ्या खोक्यापुढे बसला होता. बरण्या उघडायचं यंत्र, बॅटरीवर चालणारं. साहेबांना संध्याकाळपर्यंत वाक्य हवं होतं. "आई, नंतर बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला, वैतागून एक सुस्कारा टाकला आणि त्या सुस्काऱ्यातून वाक्य आपोआप बाहेर आलं: 'आता कुणाला हाक मारायची गरज नाही.' साहेबांनी खुर्चीवरून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. साहेब सहसा उठत नसत.

यंत्र धडाधड खपलं. त्यात एकच अडचण होती. त्याला दोन बटणं होती, 'उघडा' आणि 'बंद करा', आणि आतली चाकं बसवताना काहीतरी गफलत झाली होती. 'उघडा' दाबलं की नुसती घरघर व्हायची. 'बंद करा' दाबलं की झाकण असं आवळलं जायचं की विचारू नका. तक्रारी आल्या. सगळा माल तयार होऊन पडला होता. साहेब म्हणाले, "निदान अर्धं तरी चालतंय ना?" धाकट्याने मान डोलावली. वाक्य त्याचं होतं, चाकं त्याची नव्हती.

आणि आईचे फोन थांबले. रमली असेल शेजारणींमध्ये, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. खोटं कशाला बोला, त्याला हायसं वाटलं.

मग ताईचा फोन आला. "मी आईला माझ्याकडे घेऊन येतेय. कायमची."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही, हीच मेहेरबानी. मी परवा गेले तर बाईसाहेब कोरडा पाव चघळतायत. जॅम का नाही लावला विचारलं तर म्हणे, नको वाटतो. नको कसला वाटतो! हात बघितलेस तू तिचे? बघणार कधी म्हणा, तिकडे फिरकायला हवं ना."

आईला हे मान्य नव्हतं. ताईच्या घरी तिला खिडकीजवळची खोली मिळाली असती, गरम जेवण मिळालं असतं आणि कुठल्याही गोष्टीला हात लावू दिला नसता. त्या शेवटच्या भागाची तिला धास्ती होती. तिने एक अट घातली. रविवारी सकाळी तिघांनी यायचं. ती नाश्ता करेल, ते बसून बघतील. कुणी जागचं हलायचं नाही. सगळं नीट झालं तर विषय संपला. नाही झालं तर ती मुकाट्याने बॅग भरेल.

रविवारी तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी परीक्षकांसारखे बसले. टेबलाने मोजे घातलेले होते.

"चांगलं आहे," भावोजी खाली वाकून म्हणाले. "थंडी वाजत असेल बिचाऱ्याला."

"जावईबापू, गप्प बसून बघायचं ठरलंय," आई म्हणाली.

तिने अंडी उकडली, सोलली, साच्यात घालून चौकोनी केली. चहा गाळला, थोडा बशीत सांडला, पण तो कुणाचाही सांडतो. पाव भाजला, करपू दिला नाही. ताईच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. धाकट्याला आईचा अभिमान वाटत होता आणि ही जिंकली तर आपल्याला काही करावं लागणार नाही, असंही वाटत होतं. ही दोन्ही माणसं एकाच खुर्चीत बसली होती.

मग आईने फडताळातून जॅमची सीलबंद बरणी काढली आणि खणातून एक खोका. खोका जपून ठेवलेला, कोपरेसुद्धा शाबूत. तिने त्यातून यंत्र काढलं, बरणीवर बसवलं आणि 'उघडा' दाबलं.

घर्रर्र.

झाकण हललं नाही. यंत्रासकट बरणीच ओट्यावर सावकाश गिरकी घेऊ लागली. आईने ती दोन्ही हातांनी धरली. बोटं थरथरत होती, काच ओट्यावर तडतड वाजत होती. तिने बटण सोडलं, पदर सावरला, पुन्हा दाबलं. मग चुकून दुसरं दाबलं गेलं आणि झाकण कर्रकन आवळलं.

"आई, पुरे," ताई हलकेच म्हणाली. तिचा आवाज जिंकल्याचा नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "साधी बरणी ती. नाही जमत आता तुला. चल माझ्याकडे."

आई यंत्र उलटंसुलटं करून बघत राहिली. "माझंच काहीतरी चुकतंय," ती पुटपुटली. "याला जोर लावायला नको, असं लिहिलंय."

धाकट्याला गप्प बसणं अगदी सोपं होतं. ताई तिला घेऊन गेली असती, छान सांभाळलं असतं आणि त्याला वर्षातून चार वेळा गोडाचं काहीतरी घेऊन जाता आलं असतं.

"आई, ते यंत्र चालत नाही," तो म्हणाला.

"कसं चालत नाही? आवाज येतोय की."

"आवाजच येतो फक्त. ते उघडत नाही. कुणाचीच बरणी उघडत नाही. भावोजी, तुम्ही बघा हवं तर."

भावोजी उठले. लिफ्टचे दोर ओढणारे हात होते त्यांचे. त्यांनी बरणी छातीशी धरली, यंत्र लावलं, 'उघडा' दाबलं. घर्रर्र. भावोजींचा चेहरा लाल झाला, झाकण होतं तिथेच. त्यांनी यंत्र कानाशी नेऊन ऐकलं.

"चाक उलटं बसवलंय," ते म्हणाले. "हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि तरी विकलं?"

"मी विकत नाही, मी लिहितो." हे वाक्य ऑफिसात नेहमी चालून जायचं. इथे ते ओट्यावर पडून राहिलं.

"पण खोक्यावर लिहिलंय उघडतं म्हणून," आई म्हणाली.

"ते मी लिहिलंय, आई."

"तेच म्हणतेय मी. तू लिहिलंयस."

तो उठून फडताळापाशी गेला, कारण कुठेतरी जाणं भाग होतं. दार उघडलं तर आत बरण्या. जॅम, मध, वाटाणे, भोपळी मिरच्या, कसले कसले मुरंबे. ओळीमागे ओळ, एकीचंही सील तुटलेलं नाही. एक उघडली नाही की आई दुसऱ्या कंपनीची आणून बघत होती. प्रत्येकीला यंत्र लावून दोन्ही बटणं दाबून झाली होती आणि प्रत्येकीचं झाकण आधीपेक्षा घट्ट होऊन आत गेलं होतं.

"मला फोन का नाही केलास?" त्याने विचारलं.

आईने चष्मा नाकावर घेतला. खोका उचलून त्याच्यासमोर धरला आणि वाक्याखाली बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

त्याने वाचलं नाही. पाठ होतं.

"मला वाटलं, माझ्यासाठीच लिहिलंस," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. गोळी दोनदा घ्यायची का तीनदा हे सांगावं तशी म्हणाली.

'नाही गं' म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढी घरघर आज पुरे झाली होती.

ताईने शेवटी कप पुढे ओढला. "म्हणजे दोष यंत्राचा. ठीक आहे. अंडी झाली, चहा झाला, पाव झाला. मी हरले. राहा बाई तुझ्या घरी." मग भावाकडे बघून, "पण या बरण्या उघडणार कोण?"

"मी," धाकटा म्हणाला. "आत्ता."

त्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. झाकणं गरम पाण्यात धरली, फडकं गुंडाळलं, गुडघ्यांत बरणी धरून पिळली. जॅम फटकन उघडला. वाटाणे उघडले. तळहात लाल झाले, उजवा एका ठिकाणी सोलला. ते त्याला बरं वाटलं. भावोजी मदतीला आले तर त्याने त्यांना हात लावू दिला नाही. ओट्यावर उघड्या बरण्यांची रांग लागली. शेवटची मधाची बरणी उघडून तो घाम पुसत विजयी मुद्रेने वळला.

आई रांगेकडे बघत होती.

"सगळ्या उघडल्यास?"

"सगळ्या. आता तुला कसली अडचण नाही."

"नाही ना," आई म्हणाली. "आता कसलीच नाही." आणि एकेक बरणी फ्रिजमध्ये कोंबायला लागली. त्यातल्या निम्म्या बसणार नव्हत्या आणि बसलेल्यांतल्या निम्म्या खराब होणार होत्या.

ताईने कपाळावर हात मारला. "खोकेकवी," ती नवऱ्याच्या शब्दांत म्हणाली, "एकेक उघडायची असते रे."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस हुशार होता, पण वाक्यांपुरता.

मध खराब होत नाही. त्याने मधाच्या बरणीवर झाकण ठेवलं, वर यंत्र बसवलं, बरणी पोटाशी घट्ट धरली आणि 'बंद करा' दाबलं. कर्रर्र. पुन्हा दाबलं. कर्रर्र. बॅटरी हार मानेपर्यंत दाबलं.

"अहो, काय करताय?" भावोजी म्हणाले. "आता ती तुमच्या साहेबांच्या बापालाही उघडणार नाही."

आईने बरणी हातात घेतली. झाकण फिरवून पाहिलं. थरथरत्या बोटांनी सगळा जोर लावून पाहिलं.

"नाही उघडत," ती समाधानाने म्हणाली.

मग तिने खणातून चिकटपट्ट्यांचं जुनं पाकीट काढलं. दुकानात असताना ती प्रत्येक औषधावर अशी पट्टी लावायची. छापलेल्या मजकुरावर डोस हाताने लिहून. एक पट्टी तिने झाकणावर चिकटवली आणि पेन धाकट्यापुढे केलं.

"लिही. तुझंच काम ते."

त्याने पेन घेतलं. इतकी वर्षं लिहून कधी अडला नव्हता, आज अडला. सोललेल्या तळहातामुळे अक्षर वाकडं आलं: 'दर रविवारी, नाश्त्याबरोबर.'

आईने बरणी उजेडात धरून पट्टी वाचली, चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून.

"नीट विचार करून लिहिलंयस ना?" तिने विचारलं. "मी लिहिलंय तसंच करते हं."