पट्टूच्या पोटात काय होतं

पट्टूचं पोट फुगलं तेव्हा राजमअक्कांनी गल्लीभर सांगून टाकलं, की आता आमच्या घरी बाळंतपण आहे. जुनं लुगडं फाडून टोपलीत अंथरलंसुद्धा. नवरा गेल्यापासून अक्का धाकट्या भावाकडे, रघुनाथरावांकडे, तंजावूरच्या राजवाड्यामागे राहत. पट्टू मांजर अक्कांची. रघुनाथरावांचं तिच्याशी पटत नसे. निदान ते तसं म्हणत.

पण पट्टू दुधालाही तोंड लावेना, नुसती पाणी पीत कोपऱ्यात पडून राहू लागली, तेव्हा तेच म्हणाले, "अक्का, हे डोहाळे न्हवेत. चल, ऑटो बोलावतो."

ओरत्तनाडूच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नंदितांनी पट्टूच्या पोटावरचे केस काढले आणि गार जेल लावलं. पट्टू फिस्कारली. डॉक्टर तमिळमध्ये तिला चुचकारू लागल्या.

"हिला मराठीच समजते," म्हणत रघुनाथराव पुढे झाले आणि त्यांनी तिला अलगद धरलं. "उगी, माझे आई. झालंच बघ."

अक्का भावाकडे बघतच राहिल्या. मग सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या राखाडी ठिपक्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "पिल्लं किती?"

डॉक्टरांनी यंत्राची मूठ पुन्हा एकदा पोटावरून फिरवली. "पिल्लं नाहीत, अम्मा. असती तर त्यांची इवली हृदयं लुकलुकताना दिसली असती. हे काळं दिसतंय ना, तो पू आहे. गर्भाशय भरलंय. आजच काढायला हवं."

अक्कांनी पट्टूच्या डोक्यावर हात ठेवला. "अय्यो, आणि मी कौतुक करत बसले!"

"बाहेरून कुणालाच कळत नाही. वेळेवर आणलंत."

ऑपरेशन चालू असताना दोघं बाहेर चिंचेखाली बसली. रघुनाथरावांनी आणलेली कॉफी निवून गेली.

"रघू, घरात चार लहान जीव खेळतील असं वाटलं रे."

"आहे तो जीव घरी येऊ दे आधी," ते म्हणाले.

पट्टू वाचली. गळ्यात प्लॅस्टिकची भलीमोठी कॉलर घालून घरी आली आणि रुसल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली. अक्कांनी किती आर्जवं केली, पण ती काही खाईना. एका सकाळी रघुनाथरावांनी खाली मांडी घातली आणि बोटावर थोडा दहीभात धरला. पट्टूने हुंगला, चाटला, मग खाऊ लागली.

"खातेय, अक्का! खातेय!"

अक्का ओल्या हातांनीच धावत आल्या.