पायाळूचा पाय

कंबर धरलेली बाई नाही, असं घर हळदीच्या गावात सापडायचं नाही. कुरुंद्याच्या जनकाबाईंची कंबर चौऱ्याहत्तर सालच्या हळद काढणीत धरली आणि तेव्हापासून तीन महिने त्या बाजेवरच होत्या. कंबरेला लुगड्याचा पट्टा करकचून बांधलेला. तांब्यासुद्धा उचलायचा नाही, हा शेजारच्या भिकाबाईचा हुकूम.

दुसरा हुकूम मात्र सुनेच्या काळजाला डसला होता. ही सून, शालू, नांदेडच्या कॉलेजात बी.ए. झालेली. तिची दोन वर्षांची सोजर पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. पायाळूनं लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, हा साऱ्या गावाचा भरवसा. दर अमावास्येला भिकाबाई सोजरला उचलायची आणि पालथ्या पडलेल्या आजीच्या कंबरेवर तिचे पाय आपटायची. पोर रडून लाल व्हायची. शालू मग बराच वेळ तिच्या टाचा चोळत बसायची.

तिसऱ्या अमावास्येलाही कंबर सुटली नाही.

"पोरीच्या पायाचा गुण उतरून राहिला," भिकाबाई म्हणाली. "पुढल्या बारीला तापल्या विटेवर टेकवू. मंग बराबर लागू व्हतो."

शालूनं सोजरला ओढून कडेवर घेतलं. "माझ्या लेकराचा पाय विटेला लागणार नाही. आत्याबाई, उद्या आपण वसमतच्या दवाखान्यात जायचं."

"शिकलेली सून हाय बाबा," भिकाबाई हसली. "आता सासूला सुई टोचून आणती."

वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली नाही. त्यांनी जनकाबाईंचे पाय उचलून पाहिले, मणके चाचपले, मग कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतवली.

"हाडं शाबूत आहेत. पण हे मांस किती मऊ पडलंय! घरी बाजेवर झोपता ना? तिला झोळ आला तर काय करता?"

"सुतळी आवळतो."

"का बाजेला लाथ मारता?"

जनकाबाई हसल्या आणि हसता हसताच कळवळल्या.

"पाठीचे स्नायू ही तुमची सुतळी. दुखलं म्हणून पडून राहिलात, पडून राहिलात म्हणून ती ढिली झाली, आणि ढिली झाली म्हणून आणखी दुखतंय. पट्टा सोडा. रोज थोडी थोडी आवळा."

डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दाखवून दिले आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर गोणपाट आलं. पालथं पडून छाती उचलायची, उताणं पडून गुडघे मोडून कंबर उचलायची, मग आडापर्यंत चालून यायचं. आडावरच्या बाया पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शालीनं सासूला तालमीत घातलं."

जनकाबाई लाजून उठू लागल्या, तशी शालू स्वतःच शेजारी पालथी पडली.

"बघू द्या. हळद खणताना दिवसभर वाकलेली कंबर कुणाला लाजली नाही, आत्याबाई. आता काहून लाजायचं?"

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढल्यासारखं झालं. पण शालूनं गोणपाट गुंडाळलं नाही. महिन्याभरानं सासू तांब्या उचलू लागली, मग कळशी.

दोन अमावास्या गेल्या. तिसरीला भिकाबाई दारात उभी.

"आमच्या पोराची, संतरामची कंबर धरली. वीट तापत घातली हाय. पोरगी द्या."

शालू पुढं सरली, पण तिच्या आधी जनकाबाई उठल्या. भिंतीला हात न लावता चालत आल्या, वाकल्या, आणि नातीला उचलून कडेवर घेतलं.

"हिचा पाय चालायला हाय, भिके, लाथा मारायला न्हाई. संतरामला आधी दवाखाना दाखव. मंग गोणपाट घेऊन ये म्हणावं, सुतळी आवळू."

भिकाबाई त्या ताठ कंबरेकडं बघतच राहिली. मग आपल्याच कंबरेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "माझीबी धरती कवाकवा. एक गोणपाट मलाबी टाका."

आणि बायांनो, तुमच्या घरीही कुणी बाजेवर असेल. तिला लाथ नको, जन्माचा पट्टाही नको. पाठीला बळ हवं, आणि ते रोज थोडं थोडं कमवावं लागतं. लोक हसतील. हसू द्या. आपल्या कण्यासाठी आणि आपल्या लेकरासाठी बाईनं एवढं निगरगट्ट व्हायलाच पाहिजे.