दोर आणायला गेलेला उल्कावीर

मित्रांनो, मी एक जुने कॉमिक आहे. ‘उल्कावीर’ नावाच्या चार भागांच्या मालिकेतले मी चौथे आणि शेवटचे. शेंडेफळ लाडके असते म्हणतात. माझ्या बाबतीत तसे काही घडले नाही.

आम्ही शहरातल्या एका छापखान्यात जन्मलो. चारही भागांचे लेखक वेगळे, आणि त्यांनी एकमेकांचे लिखाण वाचले असेल असे मला मुळीच वाटत नाही. पहिल्या भागात उल्कावीर अर्धी लढाई सोडून विहिरीत पडलेले वासरू काढायला धावतो. दुसऱ्यात तो पाण्याला घाबरतो. तिसऱ्यात समुद्रातच राहायला जातो! आणि माझ्यात त्याचा जिवलग मित्र चंदू खोल विहिरीत अडकलेला असताना हा पठ्ठ्या पाठ फिरवून उडून जातो. वर म्हणतो काय, “दुबळ्यांसाठी मला वेळ नाही!” हेच माझे शेवटचे पान. लिहिणारा मोकळा झाला, लाज मात्र माझ्या वाट्याला आली.

शहरात आम्हाला कुत्रेही विचारीना. फिरत फिरत आम्ही आष्टीला, गयासोद्दीन चाचांच्या सायकल दुकानात आलो. चाचांनी ट्यूबची पट्टी ताणून तिच्यावर आम्हाला चिमट्यांनी टांगले. पुस्तके एकेकच आणि पोरे ढीगभर, म्हणून त्यांचा नियम होता: घरी न्यायचे नाही, फळीवर बसून एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. वाचायचा मान चाचांच्या लेकीचा, आसिफाचा. घरी ती दखनी बोलायची, पण मराठी अशी वाचायची की पंक्चर काढायला आलेली माणसे सायकल विसरून उभी राहत. काय दिवस होते ते! पोरांच्या ग्रीसने माखलेल्या बोटांचे ठसे अजून माझ्या पानांवर आहेत.

ऐकणाऱ्यांत तृप्ती नावाची एक चिमुरडी होती. तिला अजून वाचता येत नव्हते. तिची आई नंदाबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती आणि तृप्ती मावशीकडे राहत होती. “माही आई कव्हा येती?” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

आसिफा माझ्या शेवटच्या पानावर आली तेव्हा तृप्तीने चित्रावर बोट ठेवले. “आपा, चंदूला सोडून ह्यो कुठं चालला?”

आसिफाने छापलेली अक्षरे पाहिली. मग तृप्तीकडे पाहिले.

“दोर आणायला,” ती म्हणाली.

“मंग येईल ना?”

“बिलकुल येईल. हीर लई खोल हाय. येवढा लांब दोर गावात भेटत न्हाई, दूर जावं लागतं.”

मित्रांनो, यातले एक अक्षरही माझ्यात नव्हते! पण पोरांना ते पटले. ती चाचांना पाचवा भाग मागू लागली आणि चाचा बिचारे “आयेगा, आयेगा” म्हणत राहिले. गुढीपाडव्याच्या सुमारास नंदाबाई परतली. तृप्तीने तिला तशीच धुळीच्या पायांनी दुकानात ओढत आणले आणि मला उघडून सांगितले, “आई, ह्याचा बी दोर येऊन राह्यला.”

पुढे टीव्ही आला, मोबाईल आला आणि आमची रवानगी पेटीत झाली. माझ्या तिन्ही भावंडांना वाळवीने खाल्ले. चाचाही गेले. आता तिथे आसिफाचे मोबाईलचे दुकान आहे.

गेल्या दिवाळीत तृप्ती आपल्या लेकीला, अर्पिताला, घेऊन तिथे आली. आसिफाने हौसेने मला पेटीतून काढले. तृप्तीने मला पहिल्यांदाच स्वतः वाचले, आणि शेवटच्या पानावर तिचा चेहरा उतरला.

“आपा, ह्यानं तर चक्क सोडून देलं चंदूला!”

“लिव्हणाऱ्याला आपला उल्कावीर म्हाईतच नव्हता,” आसिफा म्हणाली. “वासरासाठी लढाई सोडणारा दोस्ताला सोडंल का? आन् तू रोज आईची वाट पाहून राह्यल्ती. तुला काय वाचून दाखवलं असतं म्या?”

तृप्तीने मला मिटायला घेतले. आता ही मला फेकून देणार, या विचाराने मी धास्तावले. इतक्यात अर्पिताने मान पुढे घातली. “आई, हा कुठं चालला?”

तृप्तीने त्या छापील शब्दांवर अंगठा ठेवला. “दोर आणायला,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखी फसलेली पुस्तके तुमच्याही घरी असतील. रद्दीत टाकण्याआधी एखाद्या लहानग्याला जवळ बसवा आणि एकदा मोठ्याने वाचा. आणि शेवटच्या पानावर कोणी विहिरीत अडकलेला असला, तर त्याला तसाच ठेवून पुस्तक मिटू नका.