पाहुण्याच्या आधी बसणारा मारोती

मी एक जुना कॅसेट-डेक आहे, मित्रांनो, आणि नांदेडच्या एका छोट्या बातम्यांच्या वाहिनीत माझं सगळं आयुष्य गेलं. तळहातावर मावेल एवढी कॅसेट माझ्या पोटात सरकवली, की समोरच्या टीव्हीवर माणसं हलू-बोलू लागायची. आज मला कुणी ओळखत नाही. नवी मंडळी माझ्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवा बापड्यांनो, पण निदान पुसत तरी जा.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला म्हणे. मला आठवतं ते थेट नांदेडच्या वजिराबाद भागातलं ऑफिस, जिना चढून गेलं की डावीकडची खोली. वाहिनीचे मालक वीरभद्रअप्पा यांनी मला आणलं, नारळ फोडला, कुंकू लावलं. ते कुंकू बटणांच्या फटीत गेलं, ते अजून पुरतं निघालेलं नाही. पण तेव्हा माझा थाट काय विचारता. लातूरची बातमी असो की किनवटची, माझ्याशिवाय ती दिसायची सोय नव्हती. तिकडचे बातमीदार कॅसेट पुडक्यात बांधून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे आणि आमचा मारोती बसस्टँडवर जाऊन ती घेऊन यायचा. वाटेत एसटी पंक्चर झाली, की बातमी शिळी.

मारोती म्हणजे ऑफिसातला हरकाम्या. कंधारकडच्या खेड्यातून रोज ये-जा करायचा. लाइट उभे कर, खुर्च्या मांड, चहा सांगून ये. त्यातच त्याच्याकडे आणखी एक काम असायचं. मुलाखतीचा पाहुणा येण्याआधी त्याच्या खुर्चीत मारोतीला बसवत. कॅमेरामन मन्मथ त्याच्या तोंडावर लाइट जुळवायचा, कॉलरला माइक लावायचा आणि म्हणायचा, "हं, बोल काहीबी." मग मारोती बोलायचा. सकाळी काय खाल्लं, बसला किती गर्दी होती, शेजाऱ्याची म्हैस कशी दावं तोडून पळाली. आवाज नीट लागला, की "ऊठ आता" म्हणायचं आणि मग खरा पाहुणा बसायचा. प्राचार्य, पुढारी, कीर्तनकार, सगळे आले नि बसून गेले. मारोती मात्र टीव्हीवर एकदाही दिसला नाही. त्याचा तुकडा वगळूनच कार्यक्रम लागायचा. मला विचाराल तर तोच तुकडा मला सगळ्यात आवडायचा. पाहुणे भाषण ठोकत, मारोती नुसता बोलायचा.

पुढे मारोती तापाने गेला. तरणाताठा माणूस, आठवडाभरात संपला. मन्मथ नोकरी सोडून गावी गेला. कॅसेटींच्या जागी नखाएवढी कार्डं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

यंदा अप्पांनी ठरवलं, की वाहिनीचं सगळं क्लाऊडवर न्यायचं. नावच तेवढं ढगाचं. असतात ती कुठल्यातरी लांबच्या शहरातली मोठमोठी कॉम्प्युटरं, आणि इंटरनेटवरून आपलं चित्रीकरण तिथं ठेवायचं. आता लातूरला बसलेला बातमीदार आणि नांदेडला बसलेले अप्पा एकच चित्र एकाच वेळी उघडून बघतात. एसटीची वाट बघणं नको, काही नको. सोय चांगली आहे, मी कशाला नाक मुरडू?

पण जुन्या कॅसेटी तिथं जाणार कशा? तर माझ्याच पोटातून. दुसरा चालता डेक उरलाच नव्हता. या कामाला लातूरहून शिवांगी नावाची इंजिनिअर आली. तिने मला खाली घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा जीव सुखावला. ती कामाची पक्की होती. तिने नियम केला, की सुरुवातीची फालतू बडबड न बघता पुढे पळवायची आणि पाहुणा दिसला, की तिथून पुढचं क्लाऊडवर चढवायचं. झालेली कॅसेट पोत्यात. पोतं भरलं, की भंगारवाला.

मित्रांनो, मी कळवळत होतो. ती पळवत होती तो मारोती होता. पण माझं कळवळणं म्हणजे नुसती घरघर. तिला वाटलं, याचं काहीतरी बिघडलं.

अशातच एका दुपारी मारोतीची बायको धुरपताबाई जिना चढून आली. कॅसेटी भंगारात चालल्यात, असं तिला पुतण्याकडून कळलं होतं.

"अप्पा, आमच्या मालकांचा आवाज हाय का कुठं त्यात?" ती दारातूनच म्हणाली. "फोटू हाय घरी. पर आवाज आठवंना झालाय. डोळे मिटून बसते, तरी येत न्हाई कानात. लई भ्याव वाटून राहिलंय."

शिवांगीने क्लाऊडवर शोधलं. मारोतीच्या नावावर काहीच नव्हतं. तो कधी पाहुणा नव्हता ना.

"इथं काम करत होते, मावशी, पण त्यांचं चित्रीकरण नाही दिसत," ती म्हणाली.

अप्पांनी कपाळाला हात लावला. "अगं, प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला तोच असायचा. तू जे पळवतेस ना, तेच."

शिवांगीचा चेहरा उतरला. पोती गेली होती. भंगारवाल्याला फोन लावला, तर माल हैदराबादच्या गाडीत चढून गेला होता. खोलीत एकच कॅसेट उरली होती, तीही बुरशी धरलेली.

तिने माझं हेड, म्हणजे टेप वाचणारा माझा भाग, स्पिरिटने पुसलं. माझं हेड झिजलेलं आणि टेप ठिसूळ. "एकदाच चालेल बहुतेक," ती म्हणाली, "लगेच रेकॉर्ड करून घेते." मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

पुढचं सांगून झालं, की मला काही बोलवणार नाही, म्हणून माझं मागणं आत्ताच सांगून टाकतो. मित्रांनो, जुनं खुशाल नव्या जागी न्या. पण टाकून देण्याआधी एकदा सुरुवातीपासून बघा. ज्यांना आपण फालतू म्हणतो, त्यांचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

कॅसेट फिरली. आधी पडद्यावर नुसते चौकोन. मग रेघांचा सदरा दिसला, मग मारोती. धुरपताबाई खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली.

"बोल काहीबी," मन्मथचा आवाज आला.

"काय बोलू? रोज काय बोलू?"

"घरी काय सांगून आलास, ते बोल."

मारोती हसला. "घरी म्हणलो, आज पाहुणा उशिरा येनार हाय, मला येळ होईल. तू जेवून घे. पर ती कुठली जेवती? बसली असंल उपाशी, माझी वाट बघत."

मी दम धरून फिरत राहिलो. शिवांगी तोंडावर हात ठेवून उभी होती. धुरपताबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडद्याकडे बघत, घरात बोलावं तशी म्हणाली, "जेवले मी. तुम्ही या सावकाश."