माझा आकडा, माझी सही

माझ्या बाबांना धंद्यातले सगळे ‘टेप’ म्हणतात, कारण त्यांनी जन्मात कधी टेप हातात धरलेली नाही. बागेची जागा ते चालत मोजतात. त्यांचं एक पाऊल म्हणजे अडीच फूट, आणि हे आमच्या घरात चाळीस वर्षं काळ्या दगडावरची रेघ होतं. पावलं मोजायची, मनातल्या मनात गुणाकार करायचा आणि खडीवाल्याला फोनवर आकडा सांगायचा. तो चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मी अकरा वर्षं त्यांच्या रोपवाटिकेत पाणी घालत होते. दादाला तिसऱ्याच वर्षी साइटवर पाठवलं. त्याला हिरवळ आणि तण यांतला फरक अजून कळत नाही, तो भाग वेगळा. मी दरवर्षी विचारायचे, “माझं काम कधी?” आणि दरवर्षी “बघू” ऐकायचे. या वर्षी मी विचारलंच नाही. वाचनालयाच्या मागच्या अंगणाचं काम आलं तेव्हा सरळ सांगितलं, “हे मी करणार.”

बाबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कर. पण चुकलीस तर परत पाण्याच्या नळीशी. मग कटकट नको.”

“कबूल.”

काम सरळ होतं. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत खडीची वाट आणि दोन्ही कडांना झुडपं. ग्रंथपालबाईंची एकच अट होती. शुक्रवारी अंगण लोकांसाठी उघडणार, आणि त्या दिवशी तिथे एकही ढीग दिसता कामा नये. मी वाटेची माती दाताळ्याने सारखी केली आणि टेप लावली. लांबी दीडशे फूट, रुंदी सहा, थर तीन इंचांचा. म्हणजे सव्वादोनशे घनफूट. रोलर फिरला की खडी दबते, म्हणून दहावा हिस्सा वर धरला. आमच्या खडीवाल्याच्या गाडीत शंभर घनफूट मावते. अडीच गाड्या झाल्या.

दुपारी बाबा, दादा आणि मुकादम आले. बाबा दारापासून कुंपणापर्यंत चालत गेले, मग वाट आडवी ओलांडली, आणि आभाळाकडे बघत म्हणाले, “साडेचार गाड्या.”

“बाबा, ही जवळजवळ दुप्पट होते!”

“दोनशे पाच फूट लांब, आठ फूट रुंद. साडेचार.”

“मी टेपने मोजलंय. दोनदा.”

“टेप वाकडी पडते, सैल राहते. माझा पाय नाही पडत वाकडा.”

“अगं, कुठे बाबांचं पाऊल आणि कुठे तुझी ती दुकानातली फीत,” दादा म्हणाला. मुकादम फिदीफिदी हसला. आणि तिघंही चहा प्यायला निघून गेले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

परत मोजते आणि टेप यांच्या नाकासमोर धरते, असं ठरवून मी दाराशी वाकले. तेव्हा मला ते दिसलं. सारख्या केलेल्या मातीत बाबांची पावलं उमटली होती, पार कुंपणापर्यंत. ती एकमेकांच्या फारच जवळ होती. मी मोजली. ब्याऐंशी. दोन पावलांमध्ये टेप धरली. एक फूट दहा इंच. पुढे धरली, तिथेही एक फूट दहा. ब्याऐंशी वेळा तेवढं म्हणजे माझे दीडशे फूटच.

गेल्या वर्षी बाबा शिडीवरून पडले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभरात त्यांनी काठी माळ्यावर टाकली आणि “मी ठणठणीत आहे” असं जाहीर केलं. आम्हीही ते मानलं. त्यानंतरच्या पहिल्याच कामावर खडी ढिगाने उरली, तेव्हा “गाडीवाल्याने जास्त भरली” म्हणून त्यांनी गाडीवाल्यालाच झापलं होतं. तो ढीग अजून आमच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी पडून आहे. रोज त्याला वळसा घालून जाताना एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

हातच्या काकणाला आरसा कशाला? तिघांना हाक मारायची आणि मातीकडे बोट दाखवायचं, की दादाचं तोंड बंद. पण मुकादमाचं तोंड बंद झालं नसतं. ‘टेप आखूड झाली’ हे संध्याकाळपर्यंत प्रत्येक साइटवर पोचलं असतं, आणि हसून हसून लोकांची पोटं दुखली असती. मला जिंकायचं होतं, अगदी मनापासून जिंकायचं होतं. पण असं नाही. मी दाताळं उचललं आणि ब्याऐंशीच्या ब्याऐंशी पावलं पुसून टाकली. मग मागणीच्या चिठ्ठीवर ‘अडीच गाड्या’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि खडीवाल्याकडे पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडी उतरली. बाबांनी ढीग पाहिला.

“बाकीची कधी येणार?”

“बाकीची नाही. एवढीच.”

“मी साडेचार सांगितल्या होत्या.”

“सांगितल्या होत्या. पण चिठ्ठीवर सही माझी आहे.”

“तोंडावर आपटशील.”

“आपटले तर माझी मी उठेन. तुम्ही नका उचलू.”

कामावरच्या माणसांचे हात थांबले. बाबांना असं उलटून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. मी तर नव्हतंच. माझा आवाज शाबूत होता, एवढं बरं.

निम्मी वाट झाली तेव्हा ढिगाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. दादा कानाशी येऊन म्हणाला, “नळी कुठे ठेवलीय माहीत आहे ना?” मी गुडघ्यावर बसले आणि खडीत बोट खुपसलं. चार इंचांच्या वर! बाबांच्या भरघोस गाड्यांची सवय लागून माणसांचे हात सैल झाले होते. मी काम थांबवलं. दबून तीन इंच व्हावी म्हणून सव्वातीन इंचांवर खाचा पाडलेल्या खुंट्या दर दहा फुटांवर ठोकल्या, दाताळं हातात घेतलं आणि वरची खडी पुढे ओढायला लागले. मुकादम कुरकुरला. “कुरकुर शुक्रवारनंतर,” मी म्हटलं, “आता ओढा.”

ओढली सगळ्यांनी. सूर्य कलला तेव्हा कुंपणाशी शेवटचं घमेलं रिकामं झालं. रोलर फिरला. दोन घमेली खडी उरली, ती मी नळाखाली पसरून टाकली. अंगणात ढीग नव्हता. दादा अचानक फोनवर फार बिझी झाला.

माणसं गेल्यावर बाबा वाटेवरून चालत निघाले. मी कडेला हत्यारं धूत होते. खडीवर पाऊल पडलं की आवाज होतो, लपत नाही. कर्र, कर्र, कर्र. ते कुंपणापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथेच पाठमोरे उभे राहिले. मग परत आले.

“पुढच्या कामाची मोजणी तूच कर,” ते म्हणाले. “त्याच्या पुढचीही.”

“टेपने करीन.”

“कशानेही कर.” ते नळाशेजारच्या कट्ट्यावर बसले. गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “काल मी परत आलो होतो, मातीतली पावलं बघायला. कुणीतरी दाताळं फिरवलं होतं.”

मी नळ बंद केला.

“किती भरलं?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. पण या माणसाला चुकीचा आकडा सांगायला जीभ वळेना.

“एक फूट दहा.”

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मला वाटलं होतं,” ते म्हणाले, “दोन तरी असेल.”

मी आधाराला हात पुढे केला. त्यांनी तो झटकला, गुडघा धरून आपले आपण उठले आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

“टेप आण,” ते म्हणाले. “आणि नीट धर. दोन करून दाखवतो.”