नळाआडची युकुलेली

दुकानदाराला सांगितलं, युकुलेली भाचीसाठी हवी.

मला भाची नाही. ताई आहे. ताईला व्हायोलिन होतं. आता व्हायोलिन कपाटावर आणि तिचा डावा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. अर्धांगवायू. अशा घरात मी पोटाशी धरायचं, गिटारच्या पिल्लासारखं, बाळसेदार, हसरं वाद्य आणलं.

(लाज वाटायला हवी. वाटते. पुढे.)

लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री. घरी आले की बाथरूम, कडी, नळ सोडायचा, उलट्या बादलीवर बसायचं.

छेडलं.

पुन्हा छेडलं. इतकं हसू आलं की तोंडावर टॉवेल धरला.

"दोनदोनदा कसली गं आंघोळ?" ताई बाहेरून. "आणि केस कोरडेच?"

"लाँड्रीतली वाफ अंगाला चिकटते, ताई."

"बरं बाई. निघू दे वाफ."

वाद्यात एक खोट होती. सगळ्यात वरची तार बारीक, आणि जाड तार तिच्या खाली! ताईच्या व्हायोलिनच्या तारा लहानपणापासून मीच बदलत आले. जाडीकडून बारकीकडे जायचं, हे मला कोण शिकवणार? दुकानदार बावळट. मी दोन्ही तारांची अदलाबदल केली. तेव्हापासून पुस्तिकेतलं एकही गाणं धड वाजेना. म्हटलं, शिक्षा आहे. ताईला चोरून घेतलेलं सुख असंच वाजणार.

मग एका संध्याकाळी वाजवता वाजवता नळाचं पाणी गेलं. मी तंद्रीत. वाजवतेच आहे.

दारावर थाप.

"बंद कर. नाही ऐकवत मला."

मी तारांवर पंजा ठेवला.

"ताई, चुकलं. परत करते, उद्याच..."

"परत कशाला? इतके दिवस दात आवळून ऐकतेय! तारा उलट्या लावल्यास, गाढवे. ह्या वाद्याची वरची तार बारीकच असते. उघड दार."

मी तारा परत जागच्या जागी लावून वाद्य धरून बसले, तिने उजव्या हाताने खुंट्या पिळल्या. कान लावून, डोळे मिटून. मग माझ्या शेजारी सरकली.

"तू दाब. मी छेडते."

तिचा हात वाऱ्यासारखा, माझी बोटं मागे धापा टाकत.

"ताल! अगं, चादर नाहीये ती!"

ताई खदखदून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. मीही हसले. खरंच हसले.

आता रोज. मी चप्पल काढायच्या आत ती युकुलेली घेऊन तयार. "ये लवकर, काल तिसऱ्या ओळीत माती खाल्लीस." शेजारीण म्हणते, बहीण असावी तर अशी.

अशी?

लाँड्रीतून सुटल्यावर स्टॉपवर बस येते. मी चढत नाही. कोटाच्या खिशात डाव्या हाताची बोटं नसलेल्या तारा दाबत राहतात, उजवी अस्तरावर छेडतात. चुकीचं, संथ, माझं माझं. कुणी ओरडत नाही.

घरी ताई वाट बघत असेल, हे ठाऊक असतं. तरी एक बस जाऊ देते.

आज दोन जाऊ दिल्या.